पाण्यातून आलेली साथ आणि स्थानिक स्वराज्य संस्था : पुण्यातील जीबीएसच्या अनुभवावरून एक कृतिदर्शिका

जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. एरवी हा आजार लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक-दोन इतकाच आढळतो. येथे मात्र नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला अशा लगतच्या गावांतून थोड्या दिवसांत डझनांनी रुग्ण आले आणि पुढच्या काही आठवड्यांत पुणे विभागातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. राज्य सरकारने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले, २७ जानेवारीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सात तज्ज्ञांचे पथक पाठवले, आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले.

या आजाराची घडण समजून घेतल्याशिवाय स्थानिक संस्थेला त्यातून काही शिकता येणार नाही. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून कॅम्पायलोबॅक्टर पोटात जातो, दोन-पाच दिवसांत जुलाब लागतात, बहुतेकांचे जुलाब आपोआप थांबतात आणि माणूस ते विसरूनही जातो. त्यातल्या अगदी थोड्या लोकांत, एक ते तीन आठवड्यांनी, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पायांत मुंग्या येतात, जिना चढवत नाही, अशक्तपणा वर सरकत जातो आणि काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटरची गरज पडते. म्हणजे ज्या दिवशी रुग्ण अतिदक्षता विभागात पोचतो, त्या दिवसाच्या दोन ते चार आठवडे आधी नळाला काय पाणी आले होते, हा खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर कोणत्याही रुग्णालयात मिळत नाही. ते मिळालेच तर पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या नोंदवहीत मिळते, आणि ती वही भरलेली नसेल तर कुठेच मिळत नाही.

हा लेख सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, नगरसेवक, पाणीपुरवठा अभियंते आणि आरोग्य अधिकारी यांच्यासाठी आहे. उदाहरण जीबीएसचे असले तरी कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर या पाण्यातून येणाऱ्या प्रत्येक साथीला हीच कामे लागतात, फक्त दिवसांची मोजणी बदलते.

पहिली पायरी : गावात पाणी कुठून कुठे जाते ते कागदावर आणा

बहुतेक ठिकाणी पाण्याचा नकाशा व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. तो निवृत्त झाला, आजारी पडला किंवा गाव दुसऱ्या हद्दीत गेले की नकाशाही जातो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. साथीच्या पट्ट्यातील बरीच गावे या यादीतली आहेत. ग्रामपंचायतीच्या काळात उभी राहिलेली विहीर, टाकी, जलवाहिनी आणि शेकडो नळजोड महापालिकेकडे आले, वस्ती इमारतींच्या रूपाने झपाट्याने वाढली, पण शहराच्या जुन्या भागाला मिळते तसे जलशुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले पाणी तितक्या वेगाने पोचले नाही. खडकवासला धरणाचे पाणी नांदेडच्या विहिरीत येऊन, तेथून केवळ क्लोरीन टाकून आसपासच्या गावांना पुरवले जात होते. ज्या पाण्याला गाळणीचा आधार नाही, त्या पाण्याची सारी भिस्त क्लोरीनवर असते. त्या एका गोष्टीत खंड पडला तर मागे दुसरी भिंत उरत नाही.

नकाशासाठी संगणक प्रणालीची वाट पाहू नये. गावाचा किंवा प्रभागाचा मोठा कागदी नकाशा घ्यावा, व्हॉल्व्हमन आणि प्लंबर यांना सोबत घेऊन चालावे आणि पुढील गोष्टी खुणा करून नोंदवाव्यात : पाण्याचा उगम, उंच टाक्या व त्यांची क्षमता, प्रत्येक व्हॉल्व्ह, जलवाहिनी जिथे गटाराला किंवा ओढ्याला ओलांडते ती जागा, सार्वजनिक व खासगी विहिरी, बोअरवेल, टँकर भरण्याची ठिकाणे आणि २० लिटरचे जार भरून विकणारे आरओ प्रकल्प. ज्या टोकाला पाणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी दाबाने पोचते ते नळ लाल शाईने दाखवावेत, कारण साथीच्या वेळी पहिली धाव तिथेच घ्यायची आहे.

व्हॉल्व्हच्या खड्ड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते, ठरावीक तासांपुरते येते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो आणि आत पोकळी तयार होते. खड्ड्यात सांडपाणी साचलेले असेल आणि जोड ढिला असेल, तर ते पाणी वाहिनीत ओढले जाते व दुसऱ्या दिवशी पुरवठा सुरू होताच पहिल्या घरांच्या नळांतून बाहेर पडते. टाकीवर क्लोरीन व्यवस्थित असूनही मधल्याच एखाद्या गल्लीत जुलाबाचे रुग्ण का निघतात, याचे उत्तर अनेकदा अशा खड्ड्यात सापडते. गटारातून जाणारे घरगुती नळजोड हा याच दुखण्याचा दुसरा भाग आहे. ते उचलून गटाराच्या वर घेण्याचा खर्च फार नसतो, पण काम कंटाळवाणे असते आणि म्हणून दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

गावाचे विलीनीकरण किंवा हद्दवाढ होणार असेल तर हा नकाशा, नळजोडांची यादी आणि मागील वर्षाच्या पाणी तपासणीचे अहवाल यांचे लेखी हस्तांतर व्हायला हवे, आणि जुन्या ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्यांना किमान वर्षभर त्याच भागात ठेवायला हवे. कर आकारणीच्या नोंदी विलीनीकरणानंतर तातडीने ताब्यात घेतल्या जातात. पाण्याच्या नोंदींनाही तेवढेच महत्त्व मिळाले पाहिजे.

दुसरी पायरी : टीसीएल आणि ओटी, रोज, न चुकता

क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेने कॅम्पायलोबॅक्टर मरतो, त्यासाठी महागडे तंत्र लागत नाही. म्हणून या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे.

ब्लीचिंग पावडर, जिला गावोगावी टीसीएल म्हणतात, ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि उघडे पोते यांमुळे तो उडून जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पावसाळाभर तोंड उघडे पडलेल्या पोत्यातली पावडर ही बऱ्याचदा नुसती चुन्याची भुकटी उरलेली असते. पोते फळीवर, कोरड्या खोलीत, तोंड घट्ट बांधून ठेवावे, खरेदीची तारीख त्यावर लिहावी, तीन महिन्यांहून अधिक साठा करू नये आणि टीसीएलचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे नियमित पाठवावा. क्लोरीनचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेले असेल तर ती पावडर पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये.

मात्रा काढण्याचा ठोकताळा सोपा आहे : १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल. ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम लागेल. विहिरीसाठी आधी पाणी मोजावे. समजा विहिरीचा व्यास ५ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर आहे. त्रिज्या अडीच मीटर, तिचा वर्ग सव्वासहा, त्याला ३.१४ ने आणि खोलीने गुणले की ७८.५ घनमीटर, म्हणजे ७८,५०० लिटर पाणी होते. यासाठी साधारण ४०० ग्रॅम टीसीएल लागेल. पावडर कधीही थेट टाकीत वा विहिरीत भिरकावू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची लापशी करावी, बादली पाऊण भरावी, ढवळून अर्धा तास स्थिर ठेवावी, तळाशी चुना बसला की वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे आणि तेच वापरावे. विहिरीत ही बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवावी, म्हणजे द्रावण सगळीकडे पसरते. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, पाणी सोडू नये. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्यावे, कारण गाळातच क्लोरीन खर्ची पडतो आणि जंतूंसाठी उरत नाही.

ठोकताळा म्हणजे सुरुवात. मात्रा बरोबर होती की नाही हे नळच सांगतो. ओटी चाचणीत काचनळीत खुणेपर्यंत नळाचे पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, आणि तो पिवळा रंग पट्टीवरील रंगाशी ताडून प्रमाण वाचायचे. रंग लगेच वाचावा, उशीर केला तर आकडा फसवा येतो. हे रसायन अंगाला लागू देऊ नये, आणि जिथे डीपीडी गोळ्यांचा संच उपलब्ध आहे, ज्यात पाणी गुलाबी होते, तिथे तोच वापरावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा तो किमान ०.५ मिलिग्रॅम ठेवायचा असतो. पुण्यात नोरोव्हायरसही सापडला होता, हे लक्षात घेता साथीच्या काळात दुसरा आकडाच धरून चालावे.

चाचणी टाकीखालच्या पहिल्या नळावर करून उपयोग नाही, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी ती तिथेच होते, कारण ते सोयीचे असते. रोज किमान तीन ठिकाणे घ्यावीत : एक टाकीजवळचे, एक मधले आणि एक लाल शाईच्या यादीतले शेवटचे. शेवटचे ठिकाण रोज बदलावे. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, आकडा आणि तपासणाऱ्याची सही असावी. "ओटी पॉझिटिव्ह" एवढेच लिहिलेली नोंद स्वीकारू नये, आकडाच हवा. सलग महिनाभर एकच आकडा एकाच शाईत दिसला तर ती वही घरी बसून भरलेली आहे असे समजून अधिकाऱ्याने स्वतः नळावर जाऊन पाहावे.

राज्यात वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. हिरवे कार्ड मिळाले म्हणून वर्षभर निर्धास्त राहणे चुकीचे आहे, कारण ते त्या दिवसाचे चित्र असते. जलसुरक्षकाला, म्हणजे गावातल्या पाण्याच्या शुद्धतेची देखभाल करणाऱ्या माणसाला, वेळेवर मानधन, टीसीएलचा अखंड पुरवठा आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणूस या तीन गोष्टी ग्रामपंचायतीने सांभाळल्या, तर कार्ड आपोआप हिरवे राहते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता, तेव्हा टीसीएलला पैसे नव्हते हे कारण त्या काळापुरते तरी टिकत नाही.

तिसरी पायरी : पहिली खबर कुठून येईल ते आधीच ठरवा

पुण्यात धोक्याची घंटा रुग्णालयांकडून वाजली, तीही नसांच्या आजाराचे रुग्ण वाढल्यावर. त्याआधीच्या आठवड्यांत परिसरातल्या लहान दवाखान्यांत जुलाबाचे रुग्ण नक्कीच गेले असणार, पण खासगी दवाखान्यात सलाईन लावून घरी गेलेल्या माणसाची नोंद सरकारी यंत्रणेत येत नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची नोंदणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते. शहरालगतच्या गावांत मात्र लोक जातात ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे.

म्हणून प्रत्येक प्रभागाने किंवा मोठ्या गावाने आपल्या हद्दीतील खासगी डॉक्टर, औषध दुकानदार, शाळा आणि अंगणवाड्या यांची यादी करून त्यांच्याकडून आठवड्यातून दोनदा फोनवर फक्त दोन आकडे विचारावेत : जुलाब-उलटीचे रुग्ण किती आणि काविळीचे किती. औषध दुकानदाराला ओआरएसची पाकिटे नेहमीपेक्षा जास्त खपली का, असे विचारले तरी पुरते. ही विचारपूस आशा सेविकेवर टाकून मोकळे होऊ नये. तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. आरोग्य सेवक किंवा प्रभागातील एक लिपिक हे काम करू शकतो.

पंधरा वर्षांखालील मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपणा आला तर पोलिओ सर्वेक्षणाच्या नियमानुसार तो कळवावाच लागतो. मोठ्या माणसांसाठी अशी रुळलेली वाट नाही. मोठ्या रुग्णालयांतील मेंदूविकारतज्ज्ञांशी महापालिकेच्या आरोग्य विभागाने कायमचा संपर्क ठेवला आणि एका आठवड्यात एकाच भागातून जीबीएसचे दोन रुग्ण आले तरी कळवण्याची पद्धत घालून दिली, तर पुढच्या वेळी काही मोलाचे दिवस वाचतील.

चौथी पायरी : पहिले अठ्ठेचाळीस तास

साथीचा संशय येताच यंत्रणेचा पहिला हात टीसीएलच्या पोत्याकडे जातो. त्यामागची तळमळ खरी असते, पण पाण्याचे नमुने घेण्याआधी विहिरीत दुप्पट टीसीएल ओतले, तर दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना निर्दोष निघतो आणि स्रोत कायमचा निसटतो. म्हणून क्रम असा ठेवावा : नमुना, लगेच त्यापाठोपाठ टीसीएल, आणि त्याच वेळी पर्यायी पाणी. नमुन्यासाठी तासभराहून अधिक वेळ लागू नये, कारण लोकांना दूषित पाणी पाजत ठेवणे हा पर्यायच नाही.

जिवाणू तपासणीच्या बाटल्या प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून आणाव्यात. त्यांत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, जे पाण्यातला क्लोरीन जागीच निष्प्रभ करते, म्हणून बाटली धुऊ नये. नळ दोन मिनिटे वाहू द्यावा, तोंड पुसून निर्जंतुक करावे, बाटलीचे झाकण आतली बाजू खाली ठेवून हातात धरावे, बाटली भरावी, थोडी जागा रिकामी ठेवावी, बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. नमुने उगमापासून शेवटच्या नळापर्यंत, खासगी टाक्यांतून, जारच्या प्रकल्पांतून आणि टँकरमधूनही घ्यावेत. जुलाब झालेल्या रुग्णांचे शौचनमुने प्रतिजैविके सुरू होण्यापूर्वी घेतले गेले तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. कॅम्पायलोबॅक्टरसाठी त्याचे खास वाहतूक माध्यम लागते, ते जिल्हा प्रयोगशाळेकडून आधीच मागवून ठेवावे.

लोकांना सांगायचे एकच वाक्य असावे : पाणी खळखळ उकळल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा आणि त्याच भांड्यातून प्या. ज्यांच्याकडे इंधनाची चणचण आहे अशा वस्त्यांत मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाच्या बाटल्या किंवा क्लोरीनच्या गोळ्या घरपोच द्याव्यात आणि वापरायचे प्रमाण प्रत्यक्ष हंड्यात करून दाखवावे. नुसती बाटली वाटली तर ती कोनाड्यात राहते.

पाचवी पायरी : रुग्णयादी

सगळ्या तपासाचा कणा ही यादी आहे. तिच्यात वय, लिंग, राहण्याचा नेमका पत्ता, कामाचे किंवा शाळेचे ठिकाण, पहिल्या लक्षणाची तारीख, जीबीएस असेल तर त्याआधीच्या चार ते सहा आठवड्यांत जुलाब झाले होते का व केव्हा, आणि पाणी कुठून पितात, हे रकाने असावेत. शेवटचा रकाना सर्वांत अवघड आहे. "नळाचे" असे उत्तर मिळते, पण सोसायटीत राहणारा माणूस सकाळी महापालिकेचे, दुपारी टँकरचे, ऑफिसात जारचे आणि संध्याकाळी घरच्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी पितो. प्रत्येक स्रोत वेगळा विचारावा. बाहेरचे खाणे, कच्चे दूध, पनीर, अर्धवट शिजलेले चिकन हेही विचारावे, कारण पाणी हा प्रबळ संशयित असला तरी एकमेव नाही.

यादीतील प्रत्येक रुग्णासाठी नकाशावर एक ठिपका द्यावा, आणि दुसऱ्या कागदावर तारखेनुसार रुग्णसंख्येचे उभे खांब काढावेत. ठिपके एका टाकीच्या पट्ट्यात दाटले की टाकीकडे बोट जाते, एका गल्लीत दाटले की व्हॉल्व्हकडे, आणि विखुरले असतील तर टँकर, जार किंवा समारंभाच्या जेवणाकडे. खांब एकदम उंच चढून उतरले तर दूषितीकरण एकदाच घडले असावे. पठारासारखे चालू राहिले तर ते अजून थांबलेले नाही. येथेच वहीतल्या क्लोरीनच्या आकड्यांची गाठ पडते : जुलाबाच्या तारखांच्या आठवडाभर आधी कुठल्या दिवशी, कुठल्या नळावर आकडा शून्य होता?

घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्या पथकांना दोन साधे प्रश्न द्यावेत, लांबलचक प्रपत्र नको. पुण्यात महापालिका, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण भागात हजारो घरे तपासली गेली. एवढ्या प्रमाणावर काम करताना प्रपत्र जितके मोठे, तितकी माहिती पोकळ निघते.

सहावी पायरी : हद्द ओलांडणारे एकच नियंत्रण

धरण जलसंपदा विभागाचे, विहीर महापालिकेची, शेजारचे गाव जिल्हा परिषदेचे, काही योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या, आणि रुग्ण तिसऱ्याच शहराच्या रुग्णालयात, अशी स्थिती पुण्यासारख्या कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेला असते. पहिल्याच दिवशी एका अधिकाऱ्याचे नाव लेखी आदेशाने ठरावे, आणि पाणी, आरोग्य, घनकचरा, अन्न व औषध प्रशासन आणि शेजारच्या संस्था यांनी रोज एका ठरलेल्या वेळी त्याच्यासमोर आपापले आकडे ठेवावेत. खरेदीच्या नियमांत काम अडू नये म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ (३) (क) नुसार आयुक्तांना तातडीच्या खर्चाचे अधिकार आहेत. कोविडच्या काळात ते सर्वत्र वापरले गेले. ते वापरताना कारणे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, म्हणजे पुढे लेखापरीक्षणाच्या भीतीने कोणी हात आखडता घेणार नाही.

एक गोष्ट येथे स्पष्ट लिहिली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२५ मध्ये महापालिकेवर प्रशासकच होते. २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांचा सरपंच गेला होता आणि त्यांच्या मतावर निवडून आलेला नगरसेवक अजून आला नव्हता. गढूळ पाण्याची तक्रार घेऊन रात्री कोणाच्या दारात जायचे, हा प्रश्न त्या नागरिकांसाठी खरा होता. निवडणुका लांबतात तेव्हा ही पोकळी निदान नागरिकांच्या पाणी समितीने तरी भरून काढावी, आणि क्लोरीनची वही पाहण्याचा अधिकार तिला लेखी द्यावा.

सातवी पायरी : टँकर, जार आणि आरओ

साथीच्या तपासात सिंहगड रस्ता परिसरातील अनेक खासगी आरओ प्रकल्पांचे पाणी पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने ते बंद केले. लोक या प्रकल्पांकडे वळतात ते नळाच्या पाण्यावर विश्वास नसतो किंवा ते पुरत नाही म्हणून, आणि आरओ या शब्दाचा त्यांना धीर वाटतो. परंतु आरओच्या प्रक्रियेत पाण्यातला क्लोरीनही निघून जातो, आणि पुढे ते पाणी अस्वच्छ टाकीत किंवा न धुतलेल्या जारमध्ये गेले तर त्याला वाचवणारे काहीच उरत नाही. साथ नसतानाच या प्रकल्पांची नोंदणी, मासिक तपासणी आणि अहवाल दर्शनी भागात लावण्याची अट घालावी. टँकर भरण्याच्या प्रत्येक ठिकाणी एक वही आणि एक चाचणी संच ठेवावा. टँकर सुटताना आणि रिकामा होताना क्लोरीन तपासावा. प्रकल्प बंद करताना त्यावर अवलंबून असलेल्या घरांना दुसऱ्या दिवशी पाणी कुठून मिळेल, हे त्याच आदेशात लिहावे.

आठवी पायरी : उपचाराचा खर्च

जीबीएसच्या इम्युनोग्लोब्युलिन इंजेक्शनांचा उपचार साधारण पाच दिवस चालतो आणि तो अत्यंत महाग आहे; व्हेंटिलेटरचे दिवस वाढले तर मध्यमवर्गीय घरही मोडून पडते. पुण्यात महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची सोय जाहीर केली, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधारही होता. स्थानिक संस्थेने रुग्णालयाच्या दारातच एक माणूस बसवावा, जो नातेवाइकांची कागदपत्रे स्वतः पूर्ण करून देईल. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांना योजनेचे नाव सांगून पाठवून देणे म्हणजे मदत नव्हे. बरे होऊन घरी गेलेल्यांना महिनोन् महिने फिजिओथेरपी लागते, तिची व्यवस्था जवळच्या महापालिका दवाखान्यात करावी.

नववी पायरी : लोकांशी बोलणे

१८९७ च्या प्लेगमध्ये याच पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरांची झडती घेतली, तेव्हा भीतीपोटी लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी रुग्णांची सेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा त्याच आजाराने मृत्यू झाला. आरोग्य पथकाने दारात कोणत्या रीतीने उभे राहावे, हे ठरवण्यासाठी या शहराला दुसरीकडे पाहण्याची गरज नाही.

रोज एकाच वेळी, एकाच व्यक्तीने, रुग्णसंख्या, तपासणीचे निष्कर्ष आणि उद्याची सूचना सांगावी. दूषित निघालेल्या स्रोतांची नावे लपवू नयेत. जीबीएस एकापासून दुसऱ्याला लागत नाही, हे पहिल्या दिवसापासून सांगावे, नाहीतर रुग्णाच्या घरावर अघोषित बहिष्कार पडतो. पुण्यात चिकन नीट शिजवून खा, हा योग्य सल्ला तोंडोतोंडी जाताना चिकनच्या भीतीत बदलला. म्हणून सल्ल्यासोबत कारणही सांगावे : हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात असतो, पूर्ण शिजल्यावर मरतो, आणि कच्चे मांस कापलेली सुरी व फळी धुतल्याशिवाय सॅलडला वापरू नये. घंटागाडीचा भोंगा, मंदिर-मशिदीचा ध्वनिक्षेपक आणि सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप गट, तिन्हींवर शब्दशः एकच मजकूर जावा.

दहावी पायरी : साथ ओसरल्यावर

शेवटच्या जुलाबाच्या रुग्णानंतर किमान सहा आठवडे वाढीव तपासणी चालू ठेवावी, कारण जीबीएसचे रुग्ण मागाहून येत राहतात. त्यानंतर महिनाभरात लेखी अहवाल तयार करावा : पहिली खबर कधी आली, पहिला नमुना कधी घेतला, दोन्हींमध्ये किती दिवस गेले, स्रोत निश्चित झाला का, कोणते व्हॉल्व्ह आणि जोड बदलले, कोणते राहिले, त्यांना किती खर्च येईल आणि तो कोणत्या शीर्षकाखाली मंजूर करायचा. अहवाल ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या जाहीर सभेत वाचून दाखवावा, त्याची प्रत वेबसाइटवर आणि पाणीपुरवठा कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. राहिलेल्या कामांपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि तारीख लिहावी, आणि ती तारीख पुढच्या पावसाळ्याच्या आधीची असावी, कारण पहिल्या पावसात गटारे भरून वाहू लागली की न बदललेला प्रत्येक जोड पुन्हा पाण्याखाली जातो.